सात नंबरच्या टाकीतले रोहू

१

सात नंबरच्या टाकीतला पहिला रोहू काट्यावर ठेवला तेव्हा अक्षराने आकडा वाचलाच नाही. मासा उचलला, काटा पुसला आणि मासा पुन्हा ठेवला. मग हळूच म्हणाली, "सहाशे नव्वद."

मी वही घेऊन शेजारी उभा होतो. "पाचशेच्या आसपास पाहिजे ना?" मी विचारलं.

"दुसरा द्या."

दुसरा सातशे दहा ग्रॅम भरला. तिसरा सहाशे पंच्याऐंशी. दहाव्या माशापर्यंत पोरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. लोकांचे मासे लठ्ठ झाले की पेढे वाटतात. आमच्याकडे मासे लठ्ठ झाले आणि सुतक आल्यासारखं झालं.

का ते सांगतो. नांदेडच्या अलीकडे गोदावरीच्या काठावर आमचं छोटंसं मत्स्यबीज संशोधन केंद्र आहे. मी रविकिरण, इथला भांडारपाल. जाळी, खाद्य, बाटल्या आणि झाडून सगळ्या किल्ल्या माझ्याकडे असतात. अक्षरा लातूरची. शिकवण्यांच्या रांगेत उभी राहून डॉक्टर होता होता राहिली आणि माशांकडे वळली. घरात अंडंसुद्धा चालत नाही, आणि लेक माशांच्या स्नायूंवर पीएच.डी. करते. इतकी चिवट कामसू मुलगी मी माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही, हे तिच्या तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

तिचा प्रयोग ऐकायला सोपा होता. रोहूच्या एकाच जोडीची अंडी घ्यायची. अर्धी चार जारमध्ये पंचवीस अंशांच्या थंड पाण्यात उबवायची, अर्धी दुसऱ्या चार जारमध्ये नेहमीच्या अठ्ठावीस अंशांत. पिल्लं बाहेर पडली की आठ जारची आठ टाक्यांत जायची. पुढे सगळ्यांना तेच पाणी, तेच खाद्य, तेच ऊन. फरक काय तो अंड्यातल्या पहिल्या दिवसाचा. अक्षराचं म्हणणं असं, की त्या एका दिवसात माशाच्या अंगात स्नायूंचे किती धागे पडणार याची तजवीज होते, आणि मासा ते जन्मभर विसरत नाही.

अकरा महिन्यांनी वजनं घेतली तेव्हा एक ते चार, म्हणजे थंड पाण्यातल्या टाक्या, सातशेच्या घरात निघाल्या. पाच, सहा आणि आठ पाचशेच्या घरात. अगदी दुधात साखर. आणि मध्येच ही सात नंबरची टाकी. वहीप्रमाणे साधी, काट्याप्रमाणे थंड.

केंद्राच्या प्रमुख बुशरा मॅडमनी सगळे आकडे दोनदा वाचले. त्या कधी आवाज चढवत नाहीत. तो त्यांनी तेव्हाही चढवला नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

"मासे बदललेत," त्या म्हणाल्या. "सातमधले काढून कुणीतरी दुसरे टाकलेत. नाहीतर ही वही खोटी आहे. गुरुवारी विद्यापीठाची समिती येते आहे, अक्षरा. तोवर उत्तर नसेल तर मला काम थांबवावं लागेल, आणि कारण लेखी द्यावं लागेल."

लेखी कारण म्हणजे खोट्या नोंदींचा ठपका. तो एकदा बसला की कुठल्याच प्रयोगशाळेचं दार उघडत नाही.

मॅडमनी मग माझ्याकडे पाहिलं. "टाक्यांच्या जाळीची कुलपं कुणाकडे असतात, रविकिरण?"

किल्ल्या दोनच होत्या. एक अक्षराकडे. दुसरी माझ्या कमरेला लटकत होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षराचे मामा आले. महांतेशमामा, मुक्काम चाकूर. एसटीत तीस वर्षं तिकीट तपासनीस होते. कपाळावर विभूती, पांढरा सदरा, पायांत करकरणाऱ्या वहाणा. आल्या आल्या त्यांनी माशांच्या वासाने नाकाला रुमाल लावला.

"मी मासा खाल्ला तर न्हाईच, पण जवळून बघितला बी न्हाई," ते मला म्हणाले. "पण खोटं बोलणारी माणसं लई बघितलीत. पोरगी रडून राहिली म्हणून आलो. मला आधी पाणी द्या."

बाहेर एक्केचाळीस अंशांचा मे महिना तापला होता. शेडच्या दाराशी आमचा रांजण असतो, ओलं पोतं गुंडाळलेला. लक्ष्मम्मा येता-जाता त्यावर तांब्याभर पाणी शिंपडते. लक्ष्मम्मा म्हणजे इथली राखणदार, खाद्य घालणारी, झाडणारी, सगळंच. धर्माबादकडची, केंद्राच्या आवारातच राहते. मामा दोन तांबे पाणी प्यायले.

"अक्षरा, तुझं ते तापमानाचं यंत्र आण बरं. बघू ह्याच्यात किती हाय."

रांजणात पंचवीस निघालं. शेजारच्या बादलीत तेहेतीस.

"पोत्याची कमाल," मामा म्हणाले आणि तोंड पुसून कामाला लागले.

पहिला नंबर सलीमभाईंचा. ते नांदेडच्या बाजारातले माशांचे जुने व्यापारी, त्यांचा टेम्पो आठवड्यातून दोनदा आमच्याकडे येतो.

"भाऊ, मी मासे बदलून काय करू?" सलीमभाई म्हणाले. "पाचशेचा नेऊन सातशेचा ठेवणारा चोर कधी पाहिला का तुम्ही? असा चोर भेटला तर मला सांगा, मी त्याच्या पाया पडतो."

मामांना ते पटलं. मलाही. घाट्याचा धंदा करणारा चोर पंचक्रोशीत नव्हता.

मग दामिनी. ती अक्षराच्याच बरोबरीची संशोधक. गेल्या ऑगस्टमध्ये आली. अक्षराचं काम थांबलं तर पुढचा प्रकल्प तिला मिळणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिने ते स्वतःच सांगून टाकलं.

"मला फायदा आहे, काका, लपवत नाही. आम्ही दोघी बोलतही नाही फारशा. पण माझ्याकडे जनुकं तपासायची सोय आहे. सातमधल्या माशांचे आईबाप तेच आहेत का, हे मी दोन दिवसांत सांगते. नमुने रविभाऊंच्या समोर घेईन, म्हणजे माझ्यावरही शंका नको."

लक्ष्मम्माला मामांनी विचारलं, "अक्का, ह्या सात नंबरच्या टाकीला कुणी हात लावला का? कुणी जाळी उघडली? खाद्य जास्त पडलं?"

"न्हाई," ती म्हणाली. "खाद्य मीच घालते. मापानं. टाकीला कुणी हात लावला न्हाई."

माझी पाळी आली तेव्हा मी किल्ली दाखवली, देवाची शपथ घेतली आणि जरा जास्तच बोललो. मामा नुसते ऐकत राहिले. तपासनीसाची ही जुनी खोड असावी. समोरचा बोलत असतो तोवर हे लोक गप्प बसतात.

शेवटी त्यांनी अक्षराची वही मागितली आणि गेल्या अकरा जूनचं पान काढलं. अंडी पहाटे सहाला जारमध्ये. खाली एक ओळ: पाण्याचं तापमान दिवसभर अठ्ठावीस. त्याखाली पिल्लं बाहेर पडल्याच्या वेळा. पाच, सहा आणि आठ नंबरचे जार त्याच रात्री नऊला. थंड जार दुसऱ्या दिवशी दुपारी. आणि सात नंबर, बारीक अक्षरात, 'तीन तास उशीर'.

"ही गाडी लेट का गं?" मामांनी विचारलं.

"होतं कधी कधी," अक्षरा म्हणाली. "तेव्हा मला महत्त्वाचं वाटलं नाही."

मामांनी वही मिटली नाही. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती पुन्हा वाचली.

३

दामिनी शब्दाची पक्की निघाली. बुधवारी सकाळी ती कागद घेऊन आली आणि तो तिने मॅडमच्या आधी अक्षराच्या हातात दिला.

"आईबाप तेच," दामिनी म्हणाली. "सातमधला एकही मासा बाहेरचा नाही."

सलीमभाई सुटले, मी सुटलो. थंड टाक्यांमधूनही कुणी मासे आणलेले नव्हते. प्रत्येक टाकीत साठ सोडले होते, मेलेले वहीत होते आणि राहिलेले मोजून बरोबर भरले. थोडक्यात, चोरी झालीच नव्हती.

पण अक्षरा कागदाचा खालचा भाग पुन्हा पुन्हा वाचत होती.

"हे काय हाय?" मामांनी विचारलं. "मला समजंल असं सांगा."

दामिनीने सांगायचा प्रयत्न केला. जनुकं सगळ्या माशांत सारखीच. पण त्या जनुकांवर जागोजागी बारीक रासायनिक चिन्हं बसतात, मिथाइल नावाची. जिथे चिन्ह बसलं तिथला मजकूर पेशी कमी वाचते. जनुक बदलत नाही, ते किती वाचलं जाणार एवढंच बदलतं. स्नायू बनवणाऱ्या जनुकावर अशी चिन्हं अंड्यातल्या पहिल्या काही तासांत बसतात, आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणे कमी-जास्त बसतात.

मामांचे डोळे लकाकले. "थांब, थांब. आमच्या जुन्या तिकिटासारखं! तिकीट छापून यायचं सगळ्यांना एकच. कंडक्टर चिमट्यानं भोक पाडायचा. कुठल्या टप्प्यावर पाडलं ते बघायचं, की कळलं माणूस कुठं चढला. तो तोंडानं काय बी सांगू दे."

"अगदी तसंच," दामिनी म्हणाली, आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं.

"मंग सात नंबरवाले कुठं चढले?"

हसू गेलं. "थंड पाण्यात, काका. त्यांची चिन्हं थंड गटासारखी आहेत. सूक्ष्मदर्शकाखालीही तेच दिसतं. अंगावर चरबी नाही, स्नायूंचे धागेच जास्त आहेत."

मला क्षणभर त्या मुक्या जनावराचं नवल वाटलं. अकरा महिने झाले, इवल्या मण्याएवढ्या अंड्याचा हातभर मासा झाला, आणि पहिल्या दिवसाची हकिकत अजून अंगात जशीच्या तशी. आमच्या कचेरीत गेल्या महिन्याचा कागद सापडत नाही.

पण बुशरा मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "म्हणजे आगीतून फुफाट्यात," त्या म्हणाल्या. "मासे कुणी बदलले नाहीत. मग अंडीच थंड पाण्यात होती. तू थंड जारमधली पिल्लं सातमध्ये सोडलीस, चूक लक्षात आली, आणि वहीत अठ्ठावीस लिहिलंस. दुसरा अर्थ मला लावता येत नाही, अक्षरा. तुला येतो का?"

"नाही, मॅडम."

"तू तसं केलंस?"

"नाही. पण अठ्ठावीस मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी..." ती थांबली. रात्रभर पाण्यात उभी राहून अंडी काढली होती, सकाळी तापाने कोसळली होती, आणि मॅडमच तिला दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. संध्याकाळी परत येऊन तिने यंत्रावरचा आकडा वाचला आणि वहीत उतरवला.

"यंत्र खोटं बोलत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग मीच खोटी ठरते," अक्षरा म्हणाली. तिने टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्या काम सोडत असल्याचा अर्ज लिहायला लागली. दामिनीने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

मामा माझ्याकडे वळले. "रविकिरणराव, तुमचं भांडार उघडा. मला ते जार बघायचेत."

४

जार जूनपासून भांडारातच होते, आठच्या आठ, धूळ खात. अंडी उबवायचे हे काचेचे उंच जार खालून पाणी घेतात, अंडी पाण्यात फिरत राहतात आणि पाणी वरून सांडतं. प्रत्येकावर कागदी चिठ्ठी डिंकाने चिकटवलेली, त्यावर अक्षराच्या अक्षरात नंबर.

"सात नंबरची चिठ्ठी जरा खराब झालीये, माफ करा," मी म्हणालो. बाकीच्या स्वच्छ होत्या. सातची शाई पसरली होती आणि कडेच्या डिंकात तपकिरी केसांसारखं काहीतरी चिकटलं होतं. मामांनी त्यातला एक केस नखाने सोडवला, बोटांत चोळला आणि हुंगला.

"आता शेड दाखवा. जार कुठं ठेवलेले?"

शेडमध्ये ओट्यावर पाच ते आठ आकडे रंगवलेले आहेत; एक ते चार, म्हणजे थंड जार, शेजारच्या बॅटरीवर चालणाऱ्या खोलीत असतात. मामांनी वर पाहिलं. "ह्यो एकच पत्रा नवा कसा?"

"गेल्या वर्षी फुटला होता. पावसाळ्यात बदलला," मी सांगितलं. नवा पत्रा बरोबर सात नंबरच्या डोक्यावर होता.

"आणि ते तापमानाचं यंत्र कुठं बसवलंय?"

"मोठ्या टाकीत. तिथूनच पाणी सगळ्या जारना जातं."

"पंप चालू असला तर जातं."

"हो, पंप चालू असला तर."

"आन् लाईट गेली तर?"

"जनरेटर आहे." मी एवढं बोललो आणि कमरेच्या किल्ल्या उगाच चाचपल्या.

मामा ओट्यावर बसले. शेजारी जागा थोपटून मलाही बसवलं. बाकी तिघी दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बघा, गाडी तीन तास लेट," मामा सांगू लागले. "थंड जारमधली पिल्लं असती तर पार दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली असती. साध्या पाण्यातली असती तर नऊला. ही ना इकडची ना तिकडची. म्हणजे ही साध्या गाडीतच बसली, पण वाटंत काही तास गारव्याला थांबली. मोठ्या टाकीतल्या यंत्राला त्याचा पत्ता न्हाई, कारण टाकी आपली अठ्ठावीसवरच बसून. जारला पाणी जातच नव्हतं. कुणीतरी पंप बंद केला, नाहीतर बंद पडला. थंड जारांच्या खोलीला बॅटरी हाय, तिथं काही बिघडलं न्हाई. सगळे मे महिन्यातला चोर शोधून राहिले. चोर जूनमधला हाय. काखेत कळसा आन् गावाला वळसा." त्यांनी तळहातावरचा तो तपकिरी केस पुढे केला. "हा तागाचा धागा हाय. पोत्याचा."

मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रविकिरणराव, अकरा जूनला तुम्ही कुठं होता?"

अकरा जूनला मी लातूरला मेहुणीच्या लग्नात होतो. रीतसर रजा घेऊन. आणि जेवणाच्या पंगतीत रुमाल काढताना खिशातून एक किल्ली खाली पडली होती. जनरेटरच्या डिझेलच्या पिंपाची. मी ती उचलली, म्हणालो, एका दिवसात काय लाईट जाते, आणि जिलेबी वाढून घेतली.

परत आल्यावर मी कुणालाच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. अकरा महिने मी हे स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो. त्या ओट्यावर बसून पहिल्यांदा बोललो.

बुशरा मॅडमनी डोळे मिटून घेतले. अक्षरा माझ्याकडे बघत राहिली, आणि तिने एक वाईट शब्द काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मग इथे होतं कोण?" दामिनीने विचारलं.

मामा दाराकडे बघत होते. बाहेर लक्ष्मम्मा रांजणावर पाणी शिंपडत होती.

५

त्यांनी तिला आत बोलावलं आणि बसायला स्टूल दिलं. ती बसली नाही.

"लक्ष्मम्मा अक्का," मामा म्हणाले, "सात नंबरच्या जारला पोतं किती वाजता गुंडाळलंत?"

तिला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. "नऊ वाजले असतील. ऊन पत्र्याच्या फटीतनं नीट त्याच्यावरच पडून राहिलं होतं. बाकीचे सावलीत होते, त्यांचं पाणी तापलं न्हाई. जार पाण्यानं भरलेला, नळीला बांधलेला, मला एकटीला हालंना. मंग रांजणाचं पोतं काढलं, ओलं केलं आन् गुंडाळलं. घरी पाण्याला करतो तसंच."

"लाईट कधी गेली?"

"आठला. वावटळ आली, खांब पडला. पंप बंद. बाई तापानं दवाखान्यात, म्याडम तिच्यासंगं. रविभाऊ लग्नाला. डिझेलच्या पिंपाला कुलूप." माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "जारमधले दाणे खाली बसू लागले. खाली बसले की गुदमरतात, हे बाईच सांगत होती एकदा. मंग तांब्यानं वरचं पाणी काढायचं, उंचावरनं परत सोडायचं. हातानं हळूच हलवायचं. ह्या जारचं झालं की त्या जारचं. मधी पोत्यावर पाणी मारायचं. चारला लाईट आली, मंग पोतं सोडलं."

अक्षराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती ते पुसत नव्हती.

"पण बोलली का नाहीस गं?" बुशरा मॅडमनी विचारलं. "अकरा महिने?"

"भिंतीवर पाटी हाय म्याडम, जारला हात लावायचा न्हाई. मी लावला. पण एक बी मेलं न्हाई. मंग सांगायचं काय? आन् सांगितलं असतं तर डिझेलचं निघालं असतं. रविभाऊची नोकरी..." तिने वाक्य सोडून दिलं.

"आणि परवा? मामांनी विचारलं तेव्हा?"

"त्यांनी टाकीचं इचारलं. टाकीला कुणी हात लावलाच न्हाई. जारचं मला कुणी इचारलं न्हाई." मग ती घाबरून अक्षराकडे वळली. "बाई, त्या पोत्यानं मासे जाड झाले का? माझ्यामुळं तुमच्यावर आळ आला?"

पोत्याचा आणि माशाच्या जाडीचा संबंध तिला कळावा तरी कसा? तो कळायला अक्षराला चार वर्षं लागली होती, आणि आम्हा शिकलेल्यांना तिकीट तपासनीस लागला. अक्षराने पुढे होऊन तिला मिठी मारली. लक्ष्मम्मा अवघडून उभी राहिली, ओले हात लांब धरून.

मामांना मात्र अजून समाधान नव्हतं. त्यांनी माझ्याकडून सात नंबरचा जार धुऊन घेतला, अठ्ठावीस अंशांचं पाणी भरून उन्हात ठेवायला लावला आणि लक्ष्मम्माला म्हणाले, "त्या दिवशी गुंडाळलं तस्संच गुंडाळा." दोन तासांनी दामिनीने तापमान मोजलं. पंचवीस. मॅडमनी स्वतः वाकून पुन्हा मोजलं. पंचवीसच.

६

गुरुवारी समिती आली. तिघेजण, अध्यक्ष पांढऱ्या केसांचे आणि कडक. त्यांनी सात नंबरचे आकडे बघताच चष्मा काढला. "हे काय आहे?"

अक्षरा उभी राहिली. तिने वही उघडली, अकरा जूनच्या पानावरची 'तापमान दिवसभर अठ्ठावीस' ही ओळ सगळ्यांसमोर खोडली आणि बाजूला तारीख घालून सही केली.

"ही ओळ मी न बघता लिहिली होती, सर. जारचं तापमान मी मोजलं नव्हतं, मोठ्या टाकीचं उतरवलं होतं. ही माझी चूक आहे. त्या दिवशी इथे खरं काय झालं ते आता सांगते."

तिने सांगितलं. वावटळ, फुटका पत्रा, पोतं, तांब्या, तीन तासांचा उशीर. दामिनीने आपला कागद पुढे ठेवला. पिंपाच्या किल्लीपाशी अक्षरा अडखळली, ती मला वाचवायला बघते आहे हे मला कळलं, आणि मी उठलो.

"किल्ली माझ्या खिशात होती, साहेब," मी म्हणालो. "लातूरला. मला तिथेच कळलं होतं. मी परत आलो नाही, फोनही केला नाही." मॅडमनी ते लिहून घेतलं. पुढे मला त्याची शिक्षा झाली, ती योग्यच होती.

अध्यक्षांनी कागद पुन्हा चाळले. मग ते अक्षराला म्हणाले, "तुमच्या लक्षात आलंय का, हे काय झालंय? तुमच्या तर्काप्रमाणे जो मासा निघायला हवा तो निघाला, आणि तो तसा का निघाला हे तुम्हाला स्वतःलाच माहीत नव्हतं. एवढी निःपक्षपाती परीक्षा ठरवून घेता आली नसती. त्या माशांनी तुमच्याविरुद्ध साक्ष दिली असं तुम्हाला वाटलं. त्यांनी तुमच्याच बाजूने दिली." त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. "काम चालू ठेवा. या जूनमध्ये पोतं गुंडाळून चार जार लावा, आणि प्रत्येक जारमध्ये वेगळं यंत्र."

मामा मागच्या खुर्चीत नाकाला रुमाल लावून बसले होते. तो त्यांनी डोळ्यांनाही लावला.

"सर, एक विनंती आहे," अक्षरा म्हणाली. "या कामावर लक्ष्मम्मांचं नाव पाहिजे."

"त्या कुठे आहेत?"

लक्ष्मम्मा दाराबाहेरच होती. तिला आत आणलं. अध्यक्षांनी तिला नमस्कार केला आणि विचारलं, जार कसा हलवत होतात, जरा दाखवता का. टेबलावर रिकामा जार होता. तिने बांगड्या मागे सारल्या, हात आत घातला आणि रिकाम्या जारमध्ये पाणी असल्यासारखा तो फिरवू लागली, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा इतका हळू.

"असं किती वेळ केलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही.

"लाईट येईपर्यंत," ती म्हणाली.